कागद ठेवलेला नको, सापडणारा हवा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर मी एरवी लागणीविषयी, बेणेप्रक्रियेविषयी नाहीतर खोडव्यातल्या पाचटाविषयी लिहितो. यावेळचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. खाटेखालची पत्र्याची पेटी, कपाटावरची फुगलेली पिशवी, खुंटीला अडकवलेली तार आणि त्या तारेला टोचलेल्या पावत्या, हा तो विषय. शेतकी खात्याच्या माणसाला हे कशाला हवे, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या एका हंगामात दापोडीच्या एका घरात मी जे पाहिले, त्यावरून माझी खात्री झाली आहे की उसाचे नुकसान जसे खोडकिडीने होते, तसे ते कागदाच्या पसाऱ्यानेही होते. खोडकिडीवर आपण निदान औषध तरी मारतो.

दापोडीची गोष्ट

पिंपरी-चिंचवडला कारखानदारी आल्यापासून आपल्या पुष्कळ सभासदांचा संसार दोन ठिकाणी झाला. राहणे दापोडी, फुगेवाडी, कासारवाडीला आणि ऊस गावाकडे. असेच एक सभासद होते. नाव सांगत नाही. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत नोकरी केली, शनिवार-रविवार गावी जाऊन दोन एकर ऊस सांभाळला. माणूस मोठा व्यवस्थित. पावसाळ्यात एका रात्री छातीत दुखायला लागले आणि सकाळ व्हायच्या आत खेळ आटोपला.

पुढे हंगाम सुरू झाला. त्यांचा पूर्वहंगामी को ८६०३२ तोडीला आला होता. नोंद मयताच्या नावावर, म्हणून मी स्वतः दापोडीला घरी गेलो. वहिनींनी पाणी दिले आणि एक पेटी व दोन पिशव्या माझ्यासमोर आणून ठेवल्या.

"साहेब, त्यांनी सगळं ठेवलंय हो. एक चिटोरं टाकू दिलं नाही. पण कुठं काय हाय, ते त्यांनाच ठाऊक."

आम्ही पेटी उघडली. एकाच सात-बाराच्या सहा प्रती निघाल्या. वीस वर्षांची विजेची बिले, लग्नपत्रिका, कधीच मोडीत गेलेल्या रेडिओचे गॅरंटी कार्ड निघाले. पाहिजे होते ते मात्र निघेना. कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट नाही, सोसायटीच्या कर्जाचा बेबाकी दाखला नाही, बँकेचे पासबुक जुने. शेअर सर्टिफिकेट पाचव्या दिवशी एका जुन्या पंचांगात सापडले. बेबाकी दाखला सापडलाच नाही, तो पुन्हा काढावा लागला.

दरम्यान एकेक गोष्ट उघडी पडत गेली. शेअर्सवर वारस म्हणून नाव होते त्यांच्या आईचे. त्या माउली दहा वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. कर्ज पूर्ण फिटले होते, पण सात-बाराच्या 'इतर हक्क' सदरात बोजा तसाच होता. बँकेचे खाते एकट्याच्या नावे. ऊस वेळेत तुटला, तेवढे आम्ही पाहिले. पैसे मात्र वहिनींच्या हातात पडायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर मुलीची फी हातउसने काढून भरावी लागली.

"ऊस माझ्या डोळ्यांदेखत गेला, साहेब. पैसं कागदात अडकलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण या घरात निष्काळजीपणा नव्हता. या माणसाने सगळे कागद ठेवले होते. पण ठेवणे वेगळे आणि सापडणे वेगळे. आणि आपल्याला सापडणे पुरेसे नाही, आपल्या माघारी घरातल्या दुसऱ्या माणसाला सापडले पाहिजे. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे.

पसारा कशाने होतो

कारणे तीन आहेत. पहिले म्हणजे भीती. 'कधी लागेल सांगता येत नाही' म्हणून काहीच टाकायचे नाही. दुसरे म्हणजे मिसळ. जन्मात एकदाच मिळणारा कागद आणि महिन्यात निकामी होणारा कागद एकाच पिशवीत. बेणे, खत आणि भुसा आपण एका कोठीत टाकत नाही, कागद मात्र टाकतो. तिसरे म्हणजे सगळा हिशेब कर्त्या माणसाच्या डोक्यात. डोके आहे तोवर ठीक, नंतर पेटीला कुलूप नसूनही ती बंदच.

जुनी रीत : रुमाल

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कापडाच्या चौकोनी फडक्यात बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. शाळेच्या पिशवीला आपण 'दप्तर' म्हणतो, तो शब्दही याच घरातला. या दफ्तरातले कागद निवडून गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून पुढच्या चार-पाच वर्षांत ४५ खंड छापले.

याउलट घरोघरच्या कागदांचे काय झाले, हे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी पाहिले. ते जुने कागद मिळवण्यासाठी गावोगाव पायपीट करीत. कित्येक वाड्यांतले कागद त्यांच्या आधीच उंदीर, वाळवी आणि वाण्याच्या पुड्या यांनी गाठलेले असत.

ही काही फक्त इतिहासाची गोष्ट नाही. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यात सुरू झाले, तेव्हा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा मोडीतला उतारा शोधायला किती घरांत माळे उपसले गेले, हे आपण पाहिलेच आहे. ज्यांना सापडले त्यांचे काम पुढे सरकले, बाकीच्यांना कचेऱ्या धुंडाळाव्या लागल्या.

म्हणून मी तोच रुमाल घरात आणा म्हणतो. जुन्या साडीचे चार चौकोनी तुकडे, वेगवेगळ्या रंगांचे. दमडीचा खर्च नाही.

एकच प्रश्न विचारा

कागद हातात घेतला की 'हा लागेल का' असे विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर 'लागेल' असेच येते आणि पिशवी फुगते. असे विचारा : हा हरवला तर पुन्हा मिळेल का, आणि कोठून? याने निवड आपोआप होते.

चालू सात-बाराचेच पाहा. डिजिटल सहीचा उतारा आज महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो आणि कामाला ताजाच उतारा मागतात. मग गेल्या पाच वर्षांच्या प्रती कशाला? ताजी एक ठेवा. परंतु संगणक येण्यापूर्वीचा हाताने लिहिलेला जुना उतारा असेल तर तो जपा. त्यावरचे जुने सर्व्हे नंबर, कुळाचे नाव, पिकाची नोंद कधी उपयोगी पडेल ते खरेच सांगता येत नाही.

आता चार रुमाल.

पहिला, लाल : जमिनीचा व घराचा. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, सूची क्रमांक दोन, फेरफाराचे उतारे, मोजणीचा नकाशा. कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर कलम ३२ म खालचे प्रमाणपत्र. विहीर व मोटारीच्या वीजजोडणीच्या कोटेशनची पावती, नदीवरून पाणी उचलण्याची परवानगी. दापोडीच्या घराची मिळकतपत्रिका आणि महापालिकेच्या मिळकतकराची शेवटची पावती. कारखान्याचे व सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट याच रुमालात. जुन्या दस्तात सर्व्हे नंबर असतो आणि आता गट नंबर चालतो, म्हणून दोन्ही नंबर एका चिठ्ठीवर लिहून वर ठेवा. हे कागद कधीही टाकायचे नाहीत.

दुसरा, हिरवा : माणसांचा. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे एक पाकीट. त्यात जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, पॅन, दवाखान्याचे महत्त्वाचे कागद, विम्याची पॉलिसी, नोकरीचे व पेन्शनचे कागद. गेलेल्या माणसाचे पाकीट मोडू नका. त्यात मृत्यूचा दाखला घालून ते तसेच ठेवा. वारसाच्या प्रत्येक कामाला ते लागते.

तिसरा, पिवळा : चालू हंगामाचा. ऊसनोंदीची पावती, तोडणीची चिठ्ठी, वजनाच्या पावत्या, बिले, खत-औषधांची पक्की बिले, पीककर्जाचे कागद. वजनपावतीकडे आपण फार दुर्लक्ष करतो. तिच्यावर गाडीचा नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन आणि तारीख असते. ही तारीख फार मोलाची. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे पैसे मिळाले पाहिजेत आणि पुढच्या विलंबाला वर्षाला १५ टक्के व्याज आहे. दिवस मोजायचे तर ऊस कधी दिला याचा पुरावा हातात हवा. मी कारखान्याचा नोकर असून हे लिहितो आहे, कारण सभासदाच्या हातात पावती असली की आमचा हिशेबही चोख राहतो. बिल आले की पावत्यांचे टनेज जुळवा, कपाती वाचा. शंका असेल तर त्याच पंधरवड्यात या. दोन वर्षांनी 'माझी एक खेप कमी धरली होती' म्हटल्यावर आम्ही तरी काय पाहणार?

चौथा, पांढरा : मुदतीचा. फिटलेले हिशेब, भरलेली बिले, जुन्या हंगामाच्या पावत्या. येण्या-देण्याच्या पैशाच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात. म्हणून हिशेब मिटल्यावर तीन वर्षे हे कागद ठेवावेत आणि दर पाडव्याला चौथ्या वर्षाचे काढून टाकावेत. अपवाद एक. कर्जाच्या पावत्या बेबाकी दाखला हातात येऊन सात-बारावरचा बोजा उतरेपर्यंत टाकायच्या नाहीत. बोजा उतरला की तो दाखला लाल रुमालात जातो.

उरली ती रद्दी. लग्नपत्रिका, संपलेली गॅरंटी, दुबार झेरॉक्स, औषधकंपन्यांची जाहिरातपत्रके. ती खुशाल घाला. फक्त आधार, पॅन, खाते नंबर किंवा सही असलेला कागद सबंध देऊ नका, बारीक फाडून टाका. हल्ली रद्दीतला कागदही फसवणुकीला पुरतो.

कागदावर लिहा : दापुरीची चित्रे

दापोडीचीच एक जुनी गोष्ट सांगतो. इंग्रजी कागदांत दापोडीला 'दापुरी' म्हटलेले आहे. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८ च्या सुमारास, येथे सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली. पुढे अलेक्झांडर गिब्सन हे तिचे अधीक्षक होते. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात येथील झाडाफुलांची दीडशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. आज ती स्कॉटलंडात एडिंबरोच्या वनस्पतिबागेच्या संग्रहात आहेत आणि २००२ मध्ये त्यांवर सबंध ग्रंथ निघाला. चित्रे टिकली, गिब्सनचे नाव टिकले. ज्या हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराच्या हाताने ती उतरली, त्याचे नाव मात्र आज कोणाला ठाऊक नाही. कागद दीडशे वर्षे राहिला, पण नावाची एक ओळ नव्हती म्हणून माणूस हरवला.

आपल्या पेटीतही तेच होते. कागद असतो, पण कशाचा, कोणाचा, कधीचा, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक पाकिटावर तीन गोष्टी लिहा : कोणाचा, कशाचा, किती साली. मूळ दस्तावर पेन लावू नका, पाकिटावर लिहा. अक्षर मोठे काढा, चष्म्याशिवाय वाचता येईल असे.

पाणी, वाळवी आणि मोबाईल

दापोडी म्हणजे मुळा-पवनेच्या संगमाचे गाव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. त्याच महिन्यात कोल्हापूर-सांगलीकडे तर घरेच्या घरे बुडाली आणि माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. तेव्हा पेटी खाटेखाली नको, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर हवी. रुमाल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. चारही रुमाल एका हाताने उचलून नेता येतील एवढेच वजन असू द्या. गच्च पोते कोणी पुरातून नेत नाही.

पेटी भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीतून येते. लोखंडी टाचण्या गंजून कागद खातात, त्या काढा. मूळ दस्त लॅमिनेट करू नका. पुढे त्यावरचा शिक्का तपासायचा झाला तर अडचण होते. फाटलेल्याला चिकटपट्टीही लावू नका, ती पिवळी पडून अक्षर घेऊन जाते. काट्यावरच्या काही पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. त्या वर्षभरात कोऱ्या होतात, म्हणून घरी आल्याबरोबर झेरॉक्स किंवा फोटो काढा.

मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवणे चांगलेच. पण एकाच मोबाईलमध्ये ठेवलेला फोटो म्हणजे खाटेखालची दुसरी पेटी. मोबाईल पडला की गेले. मुलाला, मुलीला, गावाकडच्या भावाला पाठवून ठेवा. आधार, पॅनसारखे कागद सरकारच्या डिजिलॉकरमध्येही मिळतात. परंतु खरेदीखताचा फोटो म्हणजे खरेदीखत नव्हे, हे लक्षात असू द्या.

एक वही आणि एक परीक्षा

चार रुमालांवर पाचवी गोष्ट म्हणजे शंभर पानी वही. पहिल्या पानावर कोणता कागद कोणत्या रुमालात. दुसऱ्या पानावर बँकेची खाती, सोसायटी, विमा, कोणाला दिलेले व कोणाचे घेतलेले पैसे. तिसऱ्या पानावर कोणत्या कामाला कोणाला भेटायचे. एटीएमचा आकडा किंवा पासवर्ड मात्र वहीत लिहू नका. गावच्या घरी काही कागद असतील तर तेही वहीत नोंदवा, नाहीतर दापोडीचे म्हणतात गावी आहे आणि गावचे म्हणतात दापोडीला आहे.

मग परीक्षा घ्या. रात्री जेवणे झाल्यावर कारभारणीला सांगा, "शेअर सर्टिफिकेट काढून दाखव." आपण जागेवरून उठायचे नाही, बोलायचे नाही. पाच मिनिटांत कागद हातात आला तर तुमचे दप्तर पास. वहिनींनीही उलट परीक्षा घ्यावी. मुलांच्या शाळेचे, गॅसचे, रेशनचे कागद घरधन्याला सापडतात का ते पाहावे.

हे लिहिण्यापूर्वी मी माझ्या घरी ही परीक्षा घेतली. सौ.ला माझी विमा पॉलिसी अर्ध्या तासात सापडली नाही. शेवटी उठून मीच काढायला गेलो, तर मलाही सापडली नाही. लोकांच्या पेट्या उपसणाऱ्या माणसाची ही गत! त्यानंतरचा रविवार त्यातच गेला.

कारखान्याच्या बाबतीत एवढे कराच

एक. शेअर्सवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते शेअर विभागात येऊन पाहा. माणूस हयात आहे ना, याची खात्री करा, नसेल तर नवे नामनिर्देशन लेखी द्या. सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर शेअर्स त्या नावावर वर्ग होतात. मात्र नाव लागले म्हणून तो एकटा मालक होत नाही. इतर वारसांचे हक्क वारसा कायद्याप्रमाणे राहतात, आणि त्यात मुलीही येतात.

दोन. घरात मृत्यू झाला तर दुःखात कागद सुचत नाही हे खरे, पण मृत्यूची नोंद २१ दिवसांत आणि जमिनीच्या वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. घरातल्या एका जाणत्याने हे अंगावर घ्यावे. शेतात उभा ऊस असेल तर आमच्या गट कार्यालयालाही लगेच कळवा, म्हणजे नोंदीची अडचण तोडीच्या आधी दूर होते.

तीन. कर्ज फिटले की बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, आणि बोजा उतरलेला नवा सात-बारा डोळ्यांनी पाहा. 'पैसे भरले, संपले' असे समजू नका.

पाचट पेटवले तर रान भाजते, ढीग घातला तर उंदीर होतात आणि सरीत नीट पसरले तर खत होते. पाचट तेच, फरक मांडणीचा. घरातल्या कागदाचेही तसेच आहे. पट्टा पडायच्या आधी आपण सऱ्या बांधतो, पाटाची डागडुजी करतो. तसा या पावसाळ्यात एक रविवार पेटीसाठी काढा. सगळे एका दिवसात होणार नाही. निदान लाल रुमाल बांधा आणि तो कोठे ठेवला ते घरातल्या दोघांना सांगा.

दापोडीच्या वहिनी परवा सभेला आल्या होत्या. शेअर्स आता त्यांच्या नावावर आहेत. जाताना म्हणाल्या, "साहेब, आता रुमाल बांधल्यात. मुलीला सुदिक ठाऊक हाय कुठं काय ते."

त्यांनी सांगितले म्हणूनच हा लेख लिहिला.